नऊ चिठ्ठ्यांवर एकच नाव

आमच्या संघटनेच्या एका बैठकीत अध्यक्षकाकांनी सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. स्वतःचं नाव लिहायचं नाही. ज्या पार्टीकडे आपली सगळ्यात जुनी उधारी अडकली आहे, तिचं नाव आणि रक्कम, एवढंच लिहायचं. पुण्याच्या मार्केट यार्डात एका गाळ्याच्या माळ्यावर आम्ही ३१ जण बसलो होतो, सगळेच हॉटेलांना माल पुरवणारे. कोणी तेलाचे डबे, कोणी मैदा-साखर, कोणी मसाले. मी चीज, बटर, पनीर आणि फ्रोजन माल. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या जमा झाल्या. काका एकेक उघडून टेबलावर मांडत गेले आणि थोड्या वेळाने एकाच नावाच्या चिठ्ठ्या बाजूला काढू लागले. त्या नऊ निघाल्या. त्यांची बेरीज ८४ लाखांवर गेली.

त्या नऊत माझी एक होती. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या तेलवाल्या भाऊंचीही होती, हे मला तेव्हा कळलं. आमचे टेम्पो कितीतरी वर्षं त्याच हॉटेलच्या मागच्या दाराशी एकामागे एक लागायचे, आमचे ड्रायव्हर एकमेकांना चहा पाजायचे. पण मालक मला सांगायचे, "ताई, तुमचंच तेवढं राहिलंय, बाकी सगळ्यांचं देऊन टाकलं." भाऊंनाही ते हेच सांगायचे. आम्ही दोघांनीही ते खरं मानलं, कारण उधारी अडकली हे बाजारात बोलायची सोय नाही. बातमी फुटली की कंपनी माल सोडताना हात आखडता घेते, बँकेचा माणूस चौकशीला येतो, मुलीच्या सासरी कुजबूज होते. म्हणून ज्याची वही त्याच्या कपाटात.

हॉटेल-पुरवठ्याच्या धंद्यात संघटना हवीच कशाला, असं माझा मुलगा मला विचारतो. मोबाईलवर ऑर्डर येते, मोबाईलवर बिल जातं, मग दर महिन्याला माळ्यावर बसून चहा कशासाठी? मला त्याला त्या चिठ्ठ्या दाखवाव्याशा वाटतात.

हा धंदा लोकांना दिसत नाही, म्हणून थोडं सांगते. माझ्या वडिलांनी तो लुनावर सुरू केला, मागे बर्फाची पेटी बांधून. आज माझ्याकडे तीन टेम्पो आहेत आणि फ्रोजन मालासाठी उणे १८ अंशांची खोली. पहाटे चार वाजता माल चढतो, कारण दिवस वर आला की शहरात अवजड गाड्यांना बंदी आणि अकराच्या आत हॉटेलचं किचन सुरू. एका हॉटेलला दिवसाला दोन किलो चीज, दहा किलो पनीर, चार पाकिटं मटार लागतात. कंपनी एवढ्याशासाठी गाडी पाठवत नाही. ती मला ट्रकभर माल देते, मी तो फोडून साठ-सत्तर दारांशी पोचवते. आणि माझ्याशिवाय कोणीच करत नाही असं दुसरं एक काम मी करते: मी त्या हॉटेलला पैसा वापरायला देते. हॉटेलचं गिऱ्हाईक जेवून उठलं की पैसे देतं, माझं बिल मात्र ६० दिवसांनी, ९० दिवसांनी, कधी त्याहून उशिरा निघतं. आधीच्या बिलाचे दिले नाहीत म्हणून उद्याचा माल थांबवावा, तर शेजारचा पुरवठादार दारात उभाच असतो.

या जागी कायदा काय करतो, ते आमच्या बाहेरच्या फार थोड्यांना माहीत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात तरतूद आहे की लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर फार तर ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यायचे. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याला प्राप्तिकराचा दट्ट्या जोडला. लहान उद्योगाचं देणं मुदतीत चुकतं केलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च वजा धरता येत नाही. चांगला कायदा आहे. पण तो माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना लागू आहे. आम्ही व्यापारी. जुलै २०२१ मध्ये सरकारने घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली, आमच्याकडे पेढे वाटले गेले. पण तिचा फायदा बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. उशिरा मिळणाऱ्या पैशाचं संरक्षण त्यात नाही.

म्हणजे होतं असं. मी ज्याच्याकडून पनीर घेते, तो लहान कारखानदार आहे. त्याचे पैसे मला मुदतीत द्यावेच लागतात, आणि द्यायलाच हवेत, तोही माझ्यासारखाच पहाटे उठणारा माणूस आहे. तेच पनीर मी हॉटेलला दिलं की माझ्या पैशाला मुदत नाही. वर कुलूप आहे, खाली दार सताड उघडं.

जीएसटीचंही तेच. माल गेला, बिल झालं की पुढच्या महिन्यात कर भरायचा, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. इतर धंद्यांत एक चाप आहे: खरेदीदाराने १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर त्याला घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. पण नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटांना ५ टक्के कर, आणि इनपुट क्रेडिट नाही. ज्याला क्रेडिटच नाही त्याला ते परत करायची भीती कसली? आमचं बहुतेक गिऱ्हाईक हेच. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. नियम लिहिले जात होते तेव्हा त्या खोलीत आमच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं, इतकंच. एकटी मी मंत्रालयात गेले तर पास काढण्यात माझी दुपार जाईल. संघटना गेली तर निदान निवेदनाची पोच मिळते.

मार्च २०२० चं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. २५ मार्चपासून देश बंद झाला, आमची गिऱ्हाईकं त्याआधीच शटर ओढू लागली होती. माझ्या खोलीत चार टन चीज आणि बटर होतं, फ्रोजन वेगळं. ही सगळी मोठी, हॉटेलांसाठीची पाकिटं, वर छापलेलं: किरकोळ विक्रीसाठी नाही. त्याच वेळी आमच्या सोसायटीच्या खाली वाण्याकडे बटर मिळत नव्हतं. मी रोज ते पाहत होते. माल माझ्याकडे, गाडी माझ्याकडे, ड्रायव्हर घरी बसलेला, आणि मधली वाट बंद. कोणाला विचारायचं हेच ठाऊक नव्हतं. आम्ही प्रत्येक जण आपापल्या ओळखीच्या नगरसेवकाला, आपापल्या कंपनीच्या साहेबाला फोन करत राहिलो. राज्यात हॉटेलांत बसून जेवायची परवानगी ५ ऑक्टोबरला मिळाली, तीही निम्म्या क्षमतेने. तोवर माझ्या मालातला बराचसा मुदत संपून फेकला गेला. विजेचं बिल मात्र शेवटपर्यंत भरत होते, कारण खोली बंद केली असती तर उरलेलाही गेला असता.

त्याच मार्च महिन्यात अमेरिकेत काय झालं, ते मी नंतर वाचलं. तिथे हॉटेलांना माल पुरवणाऱ्या वितरकांची जुनी संघटना आहे, इंटरनॅशनल फूडसर्व्हिस डिस्ट्रिब्यूटर्स असोसिएशन. हॉटेलं बंद होताच तिने किराणा दुकानांची संघटना असलेल्या एफएमआयशी हात मिळवला. एकीकडे वितरकांचा माल, गाड्या, गोदामं, माणसं रिकामी पडलेली. दुसरीकडे दुकानांच्या फळ्या मोकळ्या. कोणाकडे काय जास्त आहे आणि कोणाला काय हवं आहे, याची गाठ दोन संघटनांनी घालून दिली. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानेही त्याच महिन्यात, हॉटेलांसाठीच्या पाकिटांवर पोषणमूल्यांचा तक्ता नसला तरी ती लोकांना विकायला तात्पुरती मोकळीक दिली. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. आपल्याकडे बुद्धी कमी नव्हती, माणुसकीही नव्हती कमी. माझ्याच ड्रायव्हरने त्या दिवसांत वस्त्यांत जेवण वाटलं. आपल्याकडे त्या दिवशी ज्याने एक फोन उचलावा असा माणूस नेमलेला नव्हता.

नाशवंत मालाच्या पैशाबाबतही त्या देशात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ताज्या फळभाज्यांच्या व्यापारासाठी तिथे १९३० पासून वेगळा कायदा आहे, आणि १९८४ च्या दुरुस्तीने असं ठरलं की विक्रेत्याचे पैसे मिळेपर्यंत तो माल आणि त्याच्या विक्रीतून आलेली रक्कम खरेदीदाराने विश्वस्त म्हणून सांभाळायची. खरेदीदाराचं दिवाळं निघालं तरी शेतमाल विकणाऱ्याचा हक्क आधी. अटी आहेत, पण तत्त्व सरळ आहे: जो माल आठवड्यात खाऊन संपतो, तो परत ओढून आणता येत नाही, म्हणून त्याच्या पैशाला जास्त राखण हवी.

आपल्याकडे व्यापारी संघटनांची परंपरा काही थोडकी नाही. दि पूना मर्चंट्स चेंबरचे दिवाळीतले ना नफा ना तोटा तत्त्वावरचे लाडू-चिवडा पुण्यात घराघरात जातात. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी आला तेव्हा देशभरच्या व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. आवाज आहे. पण हॉटेल-पुरवठादार या सगळ्यांत विखुरलेला आहे. तेलवाला तेलाच्या संघटनेत, मसालेवाला भुसार बाजारात, माझ्यासारखी चीजवाली कंपनीच्या वितरकांच्या यादीत. आमचं गिऱ्हाईक एक, आमची दुखणी एक, आणि बसायच्या सतरंज्या वेगळ्या.

संघटनेने काय करू नये, हेही मला सांगायचं आहे. त्या दिवशी चिठ्ठ्या उघडल्यावर एक तरुण सभासद उठून म्हणाला, "सगळ्यांनी मिळून दर ठरवू, आणि या हॉटेलला उद्यापासून कोणीच माल द्यायचा नाही." टाळ्या पडल्या. काकांनी त्याला खाली बसवलं. दर ठरवणारी टोळी करणं स्पर्धा कायद्यात बसत नाही, आणि मला विचाराल तर धर्मातही बसत नाही. शेवटी ते बिल जेवायला आलेलं कुटुंबच भरतं. त्याऐवजी आम्ही नऊ जण वेळ ठरवून त्या मालकांकडे गेलो. आरडाओरडा नाही. नऊ खातेउतारे टेबलावर ठेवले. ते बराच वेळ त्या कागदांकडे बघत राहिले, मग पाणी मागवलं. त्यांचीही बाजू होती; दोन नव्या शाखा काढून ते अडकले होते, आणि प्रत्येकाला वेगळं काही सांगताना स्वतःच गुंतले होते. लेखी हप्ते ठरले. वर्षभरात जवळपास दोन तृतीयांश पैसे आले. एकेकट्या आम्हाला दीड वर्षात दमडी मिळाली नव्हती.

आता नवीन पार्टीला माल देण्याआधी आमचे सभासद एकच छापील फॉर्म भरून घेतात: मालक कोण, परवाना क्रमांक काय, मुदत किती दिवसांची, सही कोणाची. साधा कागद आहे. पण "तुम्हीच एकट्या फॉर्म मागता" असं आता मला कोणी म्हणू शकत नाही. पुढचं मागणं सरकारकडे आहे: ४५ दिवसांच्या त्या संरक्षणात निदान खाद्यमालाच्या लहान वितरकांना घ्या. आणि हॉटेलमालकांच्या संघटनांनी यात आमच्यासमोर नाही, शेजारी बसावं असं मला मनापासून वाटतं. पुरवठादार बुडाला की पहिली चूल त्यांचीच थंड होते.

नऊ जणांपैकी एकाला मात्र उशीर झाला होता. दुधाचा माल देणारे गृहस्थ, त्या पार्टीने दिलेला त्यांचा चेक परत आला होता. चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. "पुढच्या सोमवारी नक्की" या शब्दावर त्यांनी ते दिवस जाऊ दिले, आणि तोवर चेकची मुदतही संपली होती. हप्त्यांतून आलेले पैसे व्याजातच गेले. त्यांचे दोन डीप फ्रीजर मी घेतले, त्यांचा ड्रायव्हर आता भाऊंकडे आहे. ते स्वतः अजूनही दर महिन्याला बैठकीला येतात, मागच्या रांगेत बसतात. नवा सभासद आला की काका त्यांना पुढे बोलावतात. ते खिशातून घडी घातलेली ती बँकेची चिठ्ठी काढतात, तिच्यावरची तारीख बोटाने दाखवतात, आणि तिथून पुढे एक, दोन, तीन असे दिवस मोजून दाखवतात.