वाळूचा पास मागा

बांधकामाच्या धंद्यात आपला समाज मोठ्या संख्येने आहे. कोणी गवंडी, कोणी सेंट्रिंगवाला, कोणी ट्रकमालक, कोणी छोटा ठेकेदार. सिमेंट, लोखंड घेताना ही मंडळी बिल मागतात. वाळू मात्र रात्री येऊन पडते आणि पैसे रोख दिले जातात. ब्रास म्हणजे 100 घनफूट, एवढाच हिशेब. ती कोणत्या पात्रातली, हे कोणी विचारीत नाही.

वाळू पावसाळ्याचे पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पुरविते. सक्शन पंपाने पात्र खरवडले की विहिरी आटतात, पुलांचे पाये उघडे पडतात. कोकणच्या खाड्यांत तर काठ ढासळून भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरते आणि तळ ढवळल्याने मासळी हटते. या खाड्यांवर जगणारे दालदी मच्छीमार आपलेच बांधव आहेत. हातपाटीने रेती काढणाऱ्या मजुराची रोजीही पंपानेच खाल्ली.

पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी बजावले. महसूल कायद्याच्या कलम 48 मध्ये दंड आहे, गाडीची जप्तीही आहे. पण भुर्दंड बसतो ट्रकमालकाला. ज्याच्यासाठी माल निघाला तो बहुधा नामानिराळा राहतो.

पाणी, चारा व अग्नी यांत सारे भागीदार आहेत, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. मग भागीदारांना न विचारता सामायिक माल उचलणाऱ्याकडून आपण खरेदी करतो, तिला हलाल व्यवहार कसे म्हणावे?

परवान्याची वाळू महाग पडते, ठेका हातचा जातो, ही तक्रार खोटी नाही. पण न धुतलेल्या खाडीच्या वाळूतील मीठ सळ्या गंजविते, हे गिऱ्हाइकाला सांगणारे किती? दगड फोडून केलेली वाळू आज मिळते. 2025 साली राज्य सरकारने तिच्यासाठी धोरणही आणले. (खाणीने डोंगर पोखरतात, हे खरे; म्हणून तिथलाही परवाना पाहावाच.)

सुरुवात मशिदी-मदरशांच्या बांधकामापासून व्हावी. तेथे गिऱ्हाईक आपली जमातच असते व दरात घासाघीस करणारेही आपणच. कमिटीने वाहतुकीचा पास मागावा, त्यावरील गाडी नंबर व ब्रास ताडून पाहावेत, आणि पास नसेल तर गाडी रिकामी करू देऊ नये.