अस्त्रसामर्थ्य आणि अस्त्रसंयम

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराशी निगडित कथा प्रसिद्ध आहे. प्रजेला छळणारा लवणासुर भूगर्भात दडून बसला. श्रीविष्णूंनी त्या विवरावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने दूर सारून त्याचा वध केला. शासन झाले ते अपराध्याला. भोवतालच्या प्रजेला नव्हे. आजच्या युद्धकायद्याचा पहिला नियमही हाच आहे.

त्याच विदर्भात, नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज समूहाने घडविलेल्या ‘नागास्त्र-१’ची १२० नगांची पहिली खेप जून २०२४ मध्ये भारतीय लष्कराला मिळाली. लक्ष्यावर घिरट्या घालून त्यावर झेपावणारे हे अस्त्र, हल्ला रद्द झाल्यास परत बोलावून पॅराशूटने उतरविता येते. पुण्याच्या पाषाण येथील प्रयोगशाळेच्या पुढाकाराने ‘पिनाक’ अग्निबाणही साकारला. हे स्वावलंबन अभिमानास्पद आहेच. परंतु जो स्वतः शस्त्र घडवितो, त्याला ते वैध आहे की नाही याचा निवाडाही स्वतःच करावा लागतो.

नवे शस्त्र विकसित करताना किंवा स्वीकारताना त्याचा वापर आंतरराष्ट्रीय कायद्याने निषिद्ध ठरतो का, हे तपासावे, असे १९७७ च्या पहिल्या जिनिव्हा अतिरिक्त प्रोटोकॉलचे ३६ वे कलम सांगते. भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. पाश्चात्त्यांच्या मानवतावादाकडे आपण सावधपणे पाहतो, त्याला कारणही आहे. कोलकात्याजवळच्या डमडम येथे बनलेल्या, शरीरात शिरताच पसरणाऱ्या गोळीवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली, तेव्हा ‘रानटी’ लोकांना थोपविण्यासाठी ती हवीच, असा युक्तिवाद ब्रिटिश प्रतिनिधीने केला होता!

मात्र दुसऱ्याच्या दांभिकतेमुळे आपली मर्यादा संपत नाही. युद्धात विषदिग्ध बाण वापरू नयेत, हे मनुस्मृतीने जिनिव्हाच्या कितीतरी आधी सांगितले. महाभारतात व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले, तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता आले नाही आणि त्याचा आघात उत्तरेच्या गर्भावर झाला. सोडण्याची विद्या होती, आवरण्याची नव्हती. हाच त्याचा अधःपात.

माणसाच्या आज्ञेविना लक्ष्य निवडणारी यंत्रे दाराशी आली असताना हा प्रश्न केवळ पुराणातला राहिलेला नाही. अशा शस्त्रांवरील २०२३ च्या संयुक्त राष्ट्र महासभेतील ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. कारण ही चर्चा पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराच्या व्यासपीठावरच व्हावी, अशी आपली भूमिका आहे. ती भूमिका रास्त आहे; पण घरची व्यवस्था चोख असेल तरच तिला वजन येईल. अमेरिकेनेही तो प्रोटोकॉल मान्य केलेला नाही, तरीही १९७४ पासून तेथे नव्या शस्त्रांची कायदेशीर तपासणी होते.

म्हणून संरक्षण मंत्रालयाने विधिज्ञ, सेनाधिकारी, शास्त्रज्ञ व वैद्यकतज्ज्ञ यांची कायमस्वरूपी तपासणी समिती नेमावी आणि आराखड्याच्या टप्प्यापासूनच तिचे मत बंधनकारक करावे. हे कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर ज्या जवानाच्या हाती आपण शस्त्र देतो त्याला निःशंक मनाने लढता यावे म्हणून. मर्यादेने बलाला उणेपणा येत नाही. तिनेच बलाला धर्माचे अधिष्ठान लाभते.