सत्तावन्न मिनिटांमागचा हिशेब

१२ जुलै २०२५ रोजी विम्बल्डनच्या मध्यवर्ती मैदानावर महिला एकेरीचा अंतिम सामना अवघ्या सत्तावन्न मिनिटांत आटोपला. पोलंडच्या इगा श्वीऑनटेक हिने अमेरिकेच्या अमांडा अ‍ॅनिसिमोवा हिचा ६-०, ६-० असा पराभव केला. या स्पर्धेच्या महिला अंतिम सामन्यात पराभूत खेळाडूच्या वाट्याला एकही गेम येऊ नये, असे १९११ नंतर प्रथमच घडले. श्वीऑनटेकचे हे सहावे ग्रँड स्लॅम विजेतेपद. मातीच्या, सिमेंटच्या आणि हिरवळीच्या अशा तिन्ही प्रकारच्या मैदानांवर तिने आता हा मान मिळवला आहे. असा विजय दिसला की, एका राष्ट्राची प्रतिभा, एका मुलीची जिद्द आणि वर्षानुवर्षांचे कष्ट या तीन शब्दांत त्याचा उलगडा करून मोकळे होण्याचा मोह होतो. हे तिन्ही शब्द खोटे नाहीत. परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. प्रतिभेला बाजारापर्यंत पोचवण्याचा खर्च कोणी केला, त्यातील जोखीम कोणी उचलली आणि जे पोचले नाहीत त्यांचे काय झाले, हे प्रश्न विजयाच्या गजरात मागे पडतात. त्यांचा विचार करण्यास ही कारकीर्द मोठी उपयुक्त आहे.

पोलंडला टेनिस नवे नाही. क्राकोच्या एका सामान्य घरात १९१२ मध्ये जन्मलेली यादविगा येंजेयोवस्का १९३७ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोचली होती. निर्णायक सेटमध्ये ती ४-१ अशी पुढे होती. तरीही डॉरोथी राउंडने तो सेट ७-५ असा जिंकला. त्याच वर्षी अमेरिकेत आणि १९३९ मध्ये पॅरिसमध्येही ती अंतिम फेरीत हरली. पॅरिसमध्ये दुहेरीचे विजेतेपद मात्र तिला लाभले. त्यानंतर तीन महिने लोटतात न लोटतात तोच पोलंडवर आक्रमण झाले, जर्मन अंमलात पोलिश नागरिकांच्या क्रीडासंस्था बंद पडल्या आणि तिच्या उमेदीची वर्षे युद्धाने गिळली. तो काळ हौशी टेनिसचा होता. बक्षिसाच्या रकमा नव्हत्या. ज्याच्या घरी पैसा त्याने खेळावे, आणि ज्याच्या घरी तो नाही त्याने क्लबांच्या व आश्रयदात्यांच्या कृपेवर जगावे, हा त्या काळचा अलिखित नियम होता.

युद्धानंतर पोलंडमध्ये समाजवादी राजवट आली आणि क्रीडेचा कारभार राज्यसंस्थेकडे गेला. या व्यवस्थेच्या दृष्टीने ऑलिंपिक पदकाला मोल होते. टेनिस तर १९२४ नंतर ऑलिंपिकच्या पदकांच्या यादीत उरलेच नव्हते. तरीही सत्तरच्या दशकात पोझनानचा वोयचेख फिबाक पुढे आला. १९७६ च्या मास्टर्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन सेट विरुद्ध एक अशी आघाडी घेऊनही तो मॅन्युएल ओरांतेसकडून हरला. १९७७ मध्ये तो जागतिक क्रमवारीत दहाव्या स्थानावर पोचला. ज्या देशात चलन परिवर्तनीय नव्हते आणि परदेशी जाण्याचा पासपोर्ट नागरिकाच्या हाती नसून सरकारच्या ताब्यात असे, त्या देशाचा हा नागरिक डॉलरमध्ये बक्षिसे मिळवीत जगभर फिरत होता. त्याचे यश हे त्या व्यवस्थेचे फळ नव्हते. ते तिच्यातला अपवाद होते. अपवादावरून नियम सिद्ध करण्याचा मोह राजकर्त्यांना नेहमीच होतो. अभ्यासकाने तो टाळला पाहिजे.

श्वीऑनटेकच्या घराण्याची कथा या संदर्भात अधिक बोलकी आहे. तिचे वडील नौकावल्हव होते आणि १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोलंडचे प्रतिनिधित्व केले. त्यांना पदक मिळाले नाही. योगायोग असा की, त्याच सेऊलमध्ये चौसष्ट वर्षांनंतर टेनिसला पुन्हा पदकांच्या खेळांत स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी पोलंडमधील राजवट बदलली आणि १ जानेवारी १९९० पासून देशाची अर्थव्यवस्था झपाट्याने बाजाराच्या वाटेवर आणली गेली. वडील ज्या क्रीडाव्यवस्थेत घडले ती राज्याच्या खर्चाने चालणारी होती. त्यांची मुलगी २००१ मध्ये वॉर्सात जन्मली तेव्हा ती व्यवस्था इतिहासजमा झाली होती. वल्हवणाऱ्याला नाव राज्याने दिली. टेनिस खेळणाऱ्या मुलीला रॅकेट घराने द्यावी लागली. मैदानाचे भाडे, प्रशिक्षकाचे वेतन, लांबलचक हिवाळ्यात छताखालच्या कोर्टाचा खर्च, स्पर्धांसाठीचा प्रवास हे सारे ओझे आधी कुटुंबाच्या शिरावर येते. पुरस्कर्ते भेटतात, पण ते बहुधा गुण दिसू लागल्यावर. गुण दिसेपर्यंतची वर्षे घरानेच रेटायची असतात.

या घरातील एक गोष्ट विजयाच्या वर्णनांत एखाद्या ओळीपुरती येते, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती मध्यवर्ती आहे. इगाची थोरली बहीणही टेनिस खेळत असे. किंबहुना धाकटी मैदानावर आली ती थोरलीच्या मागोमाग. पुढे दुखापतींमुळे थोरलीला खेळ सोडावा लागला. घर एक, वडील एक, शिस्त एक. तरीही एकीच्या नावावर सहा विजेतेपदे आहेत आणि दुसरीच्या नावापुढे क्रमवारीचा आकडाही नाही. एखादा गुडघा किंवा घोटा टिकतो की नाही, यावर ज्या गुंतवणुकीचे भवितव्य ठरते, तिला निव्वळ गुणवत्तेचे फळ म्हणणे धाडसाचे ठरेल. यशस्वी मुलीच्या वडिलांनी केलेला त्याग सर्वांना दिसतो. तेवढाच त्याग करून अपयश पदरी आलेल्या हजारो वडिलांची नोंद कुठेच होत नाही. विजेत्यांच्या चरित्रांवरून पालकांनी धडे घ्यावेत, असा उपदेश करणाऱ्यांनी ही बाजूही लक्षात घ्यावयास हवी.

श्वीऑनटेकचा उत्कर्ष मात्र असामान्य खरा. २०१८ मध्ये ती विम्बल्डनची कनिष्ठ गटातील विजेती ठरली. साथीमुळे शरद ऋतूत ढकलल्या गेलेल्या २०२० च्या फ्रेंच स्पर्धेत ती जागतिक क्रमवारीत चौपन्नाव्या स्थानावर असताना उतरली; शालान्त परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालेली ही एकोणीस वर्षांची मुलगी एकही सेट न गमावता विजेती झाली. ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती पहिली पोलिश खेळाडू. २०१२ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोचलेल्या अ‍ॅग्निएस्का रादवान्स्काला जे हुलकावणी देऊन गेले, ते तिने मिळवले. एप्रिल २०२२ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. त्या वर्षी फेब्रुवारी ते जुलै या अवधीत तिने सलग सदतीस सामने जिंकले. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे पॅरिस तिचेच होते. २०२२ मध्ये अमेरिकन स्पर्धाही तिने जिंकली. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये त्याच पॅरिसच्या लाल मातीवर तिने कांस्यपदक मिळवले. टेनिसमधील पोलंडचे हे पहिले ऑलिंपिक पदक. सेऊलमध्ये वडिलांना जे लाभले नाही, ते छत्तीस वर्षांनी मुलीच्या गळ्यात पडले.

अशा उत्कर्षाचे मोल बाजार कसे करतो, हेही पाहण्यासारखे आहे. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला तीस लक्ष पौंड होते; पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला सहासष्ट हजार. हे अंतर सुमारे पंचेचाळीस पटींचे आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, जेथे एकाच वेळी असंख्य प्रेक्षकांना उत्कृष्ट कलावंताचा लाभ घेता येतो, तेथे गुणांतील किंचित फरक उत्पन्नात प्रचंड तफावत निर्माण करतो. दूरचित्रवाणीच्या युगात टेनिस हे या सिद्धांताचे उत्तम उदाहरण ठरावे. सहासष्ट हजार पौंडांची रक्कम वरवर पाहता लहान नाही, हे खरे. परंतु मुख्य स्पर्धेत स्थान मिळणाऱ्या त्या १२८ जणींच्या खाली शेकडो खेळाडू आहेत. लहान गावांतील लहान स्पर्धा खेळत त्या वर्ष काढतात आणि प्रशिक्षकाचा व प्रवासाचा खर्च वजा जाता त्यांच्या हाती फारसे काही उरत नाही. त्यांच्यावाचून मात्र शिखरावरची स्पर्धा उभीच राहू शकत नाही.

या विषमतेचा खरा कस लागतो तो संकटात. ऑगस्ट २०२४ मध्ये स्पर्धेबाहेर घेतलेल्या चाचणीत श्वीऑनटेकच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन या निषिद्ध द्रव्याचा अत्यल्प अंश सापडला. सप्टेंबरमध्ये तिच्यावर तात्पुरती बंदी आली आणि आशियातील स्पर्धांना तिला मुकावे लागले. झोपेसाठी ती घेत असलेल्या, पोलंडमध्ये तयार होणाऱ्या मेलाटोनिनच्या औषधातच ते द्रव्य मिसळले गेले होते, हे तपासण्यांतून दिसून आले. टेनिसच्या शुद्धतेवर देखरेख करणाऱ्या संस्थेने हा खुलासा मान्य केला, तिचा दोष अत्यल्प ठरवला आणि एका महिन्याची बंदी सुनावली. सिनसिनाटीतील बक्षिसाची रक्कम तिला गमवावी लागली. दरम्यान पहिले स्थानही अरिना सबालेन्काकडे गेले होते.

निर्णय अन्याय्य होता, असे म्हणता येणार नाही. उपलब्ध पुराव्यावरून तो योग्यच दिसतो. प्रश्न निराळाच आहे. उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूवर असते आणि ते निर्दोषपणे आले हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्यावरच असते. हे ओझे वाहण्यासाठी वकील लागतात, प्रयोगशाळा लागतात, आणि मुख्य म्हणजे हे सारे तातडीने लागते. रुमानियाच्या सिमोना हालेपचे प्रकरण तपशिलात वेगळे होते. परंतु तिची चार वर्षांची बंदी मार्च २०२४ मध्ये क्रीडा लवादाने नऊ महिन्यांवर आणली, तेव्हा ती सुमारे दीड वर्ष मैदानाबाहेर काढून बसली होती. माजी अग्रमानांकित खेळाडूची ही अवस्था, तर क्रमवारीत दोनशेव्या किंवा तीनशेव्या स्थानावरील मुलीने औषधाच्या गोळ्यांची तपासणी कोणत्या पैशाने करवून घ्यावी? न्याय मागणाऱ्याच्या ऐपतीवर न्यायाचा वेग ठरू लागला, तर नियम सर्वांना सारखा आहे, हे वाक्य कागदावरच राहते. अशा तपासण्यांचा खर्च खेळाच्या सामायिक निधीतून व्हावा आणि निकालाला निश्चित मुदत असावी, ही मागणी अवाजवी नाही. एका विजेतीच्या बक्षिसाची रक्कम पाहता ती अशक्यही नाही.

आणखी एका बाबतीत या खेळाडूने उदाहरण घालून दिले आहे. २०१९ पासून डारिया अब्रामोविच ही मानसशास्त्रज्ञ तिच्या पथकात आहे आणि हे तिने कधी लपवले नाही. मनाला साहाय्य लागणे म्हणजे दुर्बलता, या समजुतीला तिने आपल्या वागण्याने उत्तर दिले. जून २०२४ नंतर वर्षभराहून अधिक काळ तिला एकही स्पर्धा जिंकता आली नव्हती. विम्बल्डनमध्ये ती आठव्या मानांकनाने उतरली होती, आणि हिरवळ हा तर तिचा कच्चा दुवा मानला जात असे. त्या अवधीत तिच्या अश्रूंवर, तिच्या चिडचिडीवर आणि मानसशास्त्रज्ञाच्या उपस्थितीवरही टीका झाली. कालपर्यंत ज्याचे कौतुक होत होते तेच पराभव होताच दोष ठरले. ज्यांनी दोष काढला, त्यांनी सत्तावन्न मिनिटांनंतर पुन्हा कौतुकाला प्रारंभ केला असल्यास नवल नाही.

तेव्हा हिशेब असा मांडावा लागतो. श्वीऑनटेकचे यश तिचे आहे. त्यातील मोठा वाटा तिच्या घराचा आहे. काही वाटा तिला लाभलेल्या जाणकार सहकाऱ्यांचा आहे. राष्ट्राचा वाटा किती, हे मात्र पोलंडमध्ये अशा किती मुलींना छताखालचे कोर्ट परवडते आणि दुखापत झालेल्या मुलीला शिक्षणाकडे व उपजीविकेकडे परतण्याची वाट किती मोकळी असते, यावरून ठरेल. विजेतीच्या स्वागताला ध्वज घेऊन जाणे सोपे असते. त्याच घरातील थोरल्या बहिणीला, जिने तेवढेच कष्ट घेतले आणि जिचे शरीर ऐन वेळी थांबले, तिला समाज काय देतो, या प्रश्नाचे उत्तर क्रीडाधोरण नावाच्या गोष्टीत असावयास हवे. ते नसेल, तर राष्ट्राने विजयाचा लाभांश घ्यावा आणि जोखीम मात्र घराच्या माथी मारावी, असाच त्याचा अर्थ होतो. हा व्यवहार पोलंडपुरता मर्यादित नाही. जेथे जेथे पदकांची मोजदाद होते, तेथे तेथे तो थोड्याफार फरकाने चाललेला असतो.