घोडा बापाचा, घराणं आईचं

मंडळी, आमचं बिऱ्हाड अल मुंतझात. इथल्या ज्या बागेला जुने रहिवासी अजून मुंतझा पार्क म्हणतात, तिचं आताचं नाव रौदत अल खैल. 'खैल' म्हणजे घोडे आणि 'रौदा' म्हणजे पावसाचं पाणी साचून हिरवळ उगवते ती सखल जागा. थोडक्यात, घोड्यांचं कुरण! सध्या या कुरणाभोवती फक्त चारचाकी गाड्या दाटीवाटीने उभ्या असतात, ही गोष्ट वेगळी. खरे घोडे पाहायचे तर अल मन्सूराला मेट्रोची ग्रीन लाइन पकडावी आणि अल शकबला उतरावं.

अल शकब हा इथला राजेशाही तबेला. शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी १९९२ साली तो सुरू केला आणि २००४ मध्ये तो कतार फाउंडेशनकडे आला. या तबेल्याचं नाव जगभर नेलं ते गझल अल शकब या घोड्याने. जन्म १९९५. नाव वाचून आम्हाला आधी मेहदी हसनच आठवले, पण अरबीत 'गझाल' म्हणजे हरीण.

हा शर्यतीचा घोडा नव्हे, प्रदर्शनाचा. पाठीवर स्वार नाही, खोगीर नाही. एक माणूस लगाम धरून त्याला रिंगणात आणतो, चालवतो, पळवतो आणि परीक्षकांसमोर उभा करतो. युरोपातल्या पद्धतीप्रमाणे गुण पाच गोष्टींना, प्रत्येकी २० पैकी: जातीची ठेवण, डोकं आणि मान, धड आणि पाठीची रेषा, पाय, आणि चाल. थोडक्यात आपला दाखवण्याचा कार्यक्रम, फक्त इथे गुण सर्वांसमोर सांगतात!

गझलने जागतिक विजेतेपद मिळवलं. पण चषक काय, कपाटात ठेवले की त्यावर धूळ बसते. त्याचं खरं नाव झालं ते लेकरांमुळे. काही काळ त्याला पोलंडला पाठवलं होतं. तिथल्या यानुव पोडलास्की या सरकारी तबेल्यात २००३ साली त्याची मुलगी जन्मली, पियानिसिमा. तीही जगज्जेती. २०१५ मध्ये ती पोटदुखीने अचानक गेली, तेव्हा पोलंडच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. इकडे दोह्यात २००० साली गझलचा मुलगा मारवान अल शकब जन्मला होता. मारवानचा मुलगा क्यूआर मार्क, आणि त्याचा मुलगा पोलंडचा इक्वेटर. बाप, मुलगा, नातू, पणतू, सगळे रिंगण गाजवणारे.

आम्ही पडलो इंजिनिअर, त्यामुळे हे चालतं कसं, हे शोधल्याशिवाय चैन पडेना. गावाकडे गाई-म्हशींसाठी असतं तसं गोठवलेलं रेत उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. घोडा दोह्यात, घोडी अमेरिकेत, तरी शिंगरू होतं. बाप गेल्यानंतरही मुलं जन्मू शकतात. आईबाप खरे कोण, ते डीएनए तपासून नोंदवहीत लिहितात. यात एक धोकाही आहे. सगळेच एका विजेत्याच्या मागे लागले की नात्यातली रक्तं पुन्हा पुन्हा एकत्र येतात. अरबी घोड्यांत एक आनुवंशिक रोग आहे, त्यात शिंगराला रोगप्रतिकारशक्तीच नसते आणि ते काही महिन्यांत दगावतं. आई आणि बाप दोघांकडे तो दोष लपलेला असेल तर दर शिंगरामागे चारात एक अशी शक्यता. म्हणून समंजस पैदासकार आधी दोघांचीही तपासणी करतो. म्हणजे आईचं रक्तही बापाइतकंच बारकाईने बघावं लागतं.

आणि इथेच आम्हाला खरी गंमत कळली. बदाऊनी लोकांत घोड्याचं घराणं आईकडून चालतं! कुहैलान, सक्लावी अशी जी प्राचीन घराणी आहेत, ती घोडीवरून ठरतात. बाप कितीही नामांकित असो, शिंगरू आईच्या घराण्याचं. पाच मूळ घोड्यांपासून सारी जात निघाली अशी दंतकथा आहे, आणि त्या पाचही घोड्या माद्याच. गझलच्या वंशावळीतही बाप अनाझा एल फरीद याच्या शेजारी आई काजोराचं नाव ठळक. मारवानची आई लिटल लिझा फेम. जाणकार बापाइतकाच या माउल्यांचा विचार करतात.

आता आपल्याकडे या. गेल्या सुट्टीत आम्ही भावकीचा कुलवृत्तांत इथे घेऊन आलो. चांगला जाडजूड, दहा पिढ्यांचा. कन्येने उत्सुकतेने उघडला आणि विचारलं, "बाबा, यात मी कुठाय?" शोधलं. आमच्या नावाखाली चिरंजीव होते. कन्या नव्हती. मग तिने आजीला शोधलं, पणजीला शोधलं. सगळ्यांची नावं सासरची, माहेर कुठलं याचा पत्ता नाही. "म्हणजे घोडीची आजी सापडते आणि माझी नाही?" या प्रश्नावर आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

त्या शुक्रवारी आम्ही साताऱ्याला आत्याला फोन लावला. वय ८६. कानाला कमी ऐकू येतं, पण आठवण खणखणीत. तिने पणजीचं माहेरचं नाव, गाव, भावंडं, सगळं धडाधड सांगितलं. वर म्हणाली, "इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही रे." कन्येने ते सगळं कुलवृत्तांताच्या समासात पेन्सिलीने लिहून काढलं. आत्याला विचारायचं अजून दोन वर्षं राहिलं असतं, तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

म्हणून वाचकहो, एक विनंती. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं गावापासून दूर वाढताहेत. आजोळचं गाव त्यांना फारतर दोन वर्षांतून एकदा, तेही धावतपळत दिसतं. पुढच्या अंकाच्या आत घरच्या थोरल्या माणसाला एक फोन करा. आई, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं जा आणि माहेरच्या नावांसकट लिहून घ्या. वही कुठलीही चालेल. मुलीचं नाव मात्र शाईने लिहा.