मुक्त आज्ञावली, बंदिस्त वाचक

रोलां बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. तेव्हापासून वाचकाच्या स्वातंत्र्याचा जयघोष समीक्षेत अखंड चालू आहे. मात्र संहिता ज्या माध्यमातून वाचकाच्या हाती येते, त्या माध्यमावर सत्ता कोणाची, हा प्रश्न त्या जयघोषात बुडून जातो.

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या, वाचकांनी पैसे मोजून घेतलेल्या प्रती त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे खरे. कंपनीने पुढे क्षमाही मागितली. परंतु छापील प्रतीच्या हक्काचा वाद उद्भवला म्हणून कोणी विक्रेता वाचकाच्या घरात शिरत नाही.

विशेष असे की, किंडल लिनक्सवर चालते. जी आज्ञावली तपासण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा तिचा परवानाच देतो, तिच्याच पायावर हे कुलूपबंद कपाट उभे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो स्वातंत्र्याच्या आग्रहातून. १९९८ मध्ये पुढे आलेल्या 'ओपन सोर्स' या संज्ञेने भर दिला तो व्यावहारिक उपयुक्ततेवर. कंपन्यांनी उपयुक्तता उचलली, स्वातंत्र्य वगळले. संज्ञांतरातून मूल्यांतर कसे घडते, हे दाखविणे समीक्षेचेच कार्य नव्हे काय? लेखकाच्या रिक्त सिंहासनावर कंपनी विराजमान झाली असेल, तर वाचकाचा जन्म झाला असे मानणे ही निव्वळ आत्मवंचना होय.