गंगेचे पाणी देव्हाऱ्यात, वाळू भिंतीत

परभणी जिल्ह्यात ‘गंगेला जाऊन आलो’ असे कोणी म्हटले, तर तो हरिद्वारला वा काशीला जाऊन आला, असे कोणी समजत नाही. तो बहुधा गंगाखेडला जाऊन आलेला असतो. त्र्यंबकेश्वरी उगम पावून, पैठण मागे टाकून मराठवाड्यातून वाहत जाणारी गोदावरी इथल्या माणसाच्या तोंडी गंगाच असते. तिच्या काठचा मुलूख गंगथडी आणि तिच्या काठचे गाव गंगाखेड. असे हे जवळचे नाते आज नावापुरतेच उरले आहे की काय, हा प्रश्न आता स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर अशा गावांतील मध्यमवर्गीय कुटुंबाची आजची सहल डोळ्यांसमोर आणावी. दाराशी मोटार आली, रस्ते रुंद झाले आणि सहलीची ठिकाणे दूर गेली. छत्रपती संभाजीनगरचा मॉल, एखादे जलक्रीडेचे उद्यान, परतताना हमरस्त्यावरचे हॉटेल, असा दिवस संपतो. वाटेत गंगेचा पूल लागला की आजी हात जोडते, आई एखादे नाणे पाण्यात टाकते आणि मागच्या आसनावरच्या मुलाची मान मोबाइलमधून वरही होत नाही. घाटाची पायरी उतरण्याचा प्रसंग या कुटुंबावर येतो तो घरातले कोणी गेल्यानंतर, अस्थिविसर्जनासाठी. ज्या घराची पावले नदीकडे केवळ अस्थिकलश घेऊनच वळतात, त्या घरातल्या मुलांना नदी म्हणजे मरणाशी निगडित एक उदास जागा वाटू लागली, तर दोष मुलांचा नव्हे.

पूर्वी असे नव्हते. पर्वणीला, अधिकमासात, पौषात हुरड्याचे दिवस आले की कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाडीने नदीवर जात. फडक्यात बांधलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचे गाडगे बरोबर असे. वाळूत हाताने झिरा खणायचा, गढूळ पाणी दोन-चार वेळा उपसून टाकायचे आणि मग वर येणारे नितळ पाणी ओंजळीने प्यायचे, हे मुलांना कोणी पाठ म्हणून शिकवत नसे. वाळू पाणी गाळते, वाळू पाणी धरून ठेवते, हे विज्ञान त्यांना बोटांनीच कळत असे. नदीला माता का म्हणायचे, हेही त्यांना प्रवचनावाचून कळे, कारण तहान लागली त्या क्षणी तिने पाणी दिलेले असे.

आजही एका दिवसाच्या सहलीत या जिल्ह्याच्या नद्या मुलांना काय काय देऊ शकतात! गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. दळण-कांडण करता करता विठ्ठलाशी बोलणारी, स्वतःला नामयाची दासी म्हणवणारी ही स्त्री पंढरपुरी नामदेवांच्या घरी राहिली, परंतु तिचे मूळ या गोदातीरावर आहे. धारासूरचे कोरीव शिल्पांनी नटलेले गुप्तेश्वराचे मंदिर गोदेच्याच सान्निध्यात आहे. मुदगल येथील मुदगलेश्वर तर नदीच्या पात्रातच उभा आहे आणि मोठ्या पुरात पाणी त्याला वेढून टाकते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा येलदरीचे धरण भरून, दुधनेला पोटात घेऊन पुढे गोदावरीला मिळते. इतिहास, भूगोल, स्थापत्य आणि भक्ती यांचा असा एकत्र पाठ कोणत्या शिकवणीत मिळणार?

मात्र आज नदीवर गेलेल्या कुटुंबाला आणखी एक दृश्य दिसण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. वाळूने भरलेल्या पात्रात यंत्राने पाडलेले खड्डे, काठ फोडून केलेले रस्ते आणि रात्री वाहणाऱ्या हायवांच्या चाकांच्या खुणा. गंगथडीतील गावांना हे नवे नाही. पुरात असे खड्डे पाण्याने भरतात आणि वरून पात्र सपाट दिसते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला मुलगा एक पाऊल पुढे टाकतो आणि डोक्याएवढ्या पाण्यात जातो. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. त्यांतली सगळीच वाळूच्या खड्ड्यांत मरत नाहीत हे खरे, पण ज्या घाटांवर आजोबा-पणजोबा निर्धास्त पोहले, तिथेच नातवाला पाण्यात सोडताना आज छाती का धडधडते, याचे एक मोठे कारण हे खड्डे आहेत.

दुसरे नुकसान संथपणे होते. पात्रातील वाळूचा थर म्हणजे नदीची साठवणटाकीच. पावसाळ्यातले पाणी त्यात मुरते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पुरते. थर खरवडला की पाणी वाहून जाते आणि विहिरी लवकर तळ गाठतात. ढालेगाव, मुदगल, मुळी, डिग्रस येथे गोदावरीवर बंधारे झाले, त्यांचा लाभही झाला. पण एका हाताने बंधारा बांधायचा आणि दुसऱ्या हाताने पात्र पोखरायचे, यात शहाणपण कोणते?

कायदा नाही असेही नाही. लहान वाळूघाटांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये बजावले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये अवैध उत्खननासाठी जबर दंडाची तरतूद आहे. २०२३ मध्ये शासनाने सरकारी आगारांतून सहाशे रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले. २०२५ मध्ये ते बाजूला सारून पुन्हा लिलावाकडे वळावे लागले आणि दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन देण्याचे ठरले. धोरणे येतात, जातात; रात्रीची वाहतूक चालूच राहते. ती का चालते, याचे उत्तर केवळ तहसील कचेरीत आणि पोलीस ठाण्यात शोधणे सोयीचे आहे, पण ते अपुरे आहे. वाळूचोर वाळू चोरतो, कारण ती विकत घेणारा कोणीतरी असतो. तो आपणच असतो.

नव्या घराची वास्तुशांती आपण मोठ्या श्रद्धेने करतो. कलशात गंगाजल असते, मंत्रांत सप्तनद्यांचे आवाहन असते. त्याच घराच्या भिंतीत कोणत्या घाटाची वाळू आहे, ती परवान्याची होती की रात्रीतून आलेली, हे त्या मंगल दिवशी यजमानाला ठाऊक असते काय? ठेकेदाराने स्वस्तात आणली, आपण बरे वाटून घेतले, पावती मागितली नाही. गंगेचे पाणी देव्हाऱ्यात आणि चोरीची वाळू भिंतीत, अशी ही विसंगती आहे. परधर्मीयांनी वा परकीय सत्तेने ती आपल्यावर लादलेली नाही. घाटावर सोडलेले निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पात्रात येणारे गावांचे सांडपाणी यांचीही गोष्ट तीच. ज्या समाजाने नदीला देवत्व दिले, त्या समाजाकडून तिचा हिशेब अधिक कडक घेतला गेला पाहिजे. तो कमी का घ्यावा?

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थाची स्नाने होतील. रामकुंडावर देशभरातून भाविक येतील, त्या निमित्ताने नदीच्या शुद्धीची चर्चा होईल आणि ती व्हायलाच हवी. परंतु रामकुंडातली गोदावरी आणि गंगाखेडच्या घाटावरची गोदावरी या दोन नद्या नाहीत. सुमारे १४६५ किलोमीटरचा तिचा प्रवाह एकच आहे. बारा वर्षांतून एकदा तिच्या एका टोकाला जमणाऱ्या श्रद्धेचा अंश वर्षातून एकदा प्रत्येक घाटावर जमला, तर तिचे चित्र पालटू शकेल.

कोणी म्हणेल, सहलीने वाळूचोरी थांबते काय? एका सहलीने थांबत नाही. पण जी वस्तू आपण कधी डोळ्यांनी पाहिली नाही, तिच्यासाठी कोणी भांडत नाही. ज्या मुलीने वाळूत झिरा खणून पाणी पाहिले आहे, ती उद्या स्वतःचे घर बांधताना वाळूची पावती मागेल, अशी आशा धरता येते. ज्याने केवळ पुलावरून नाणे टाकले, त्याच्याकडून ती धरता येत नाही.

नानाजी देशमुखांचा जन्म १९१६ साली कडोळीचा. तेव्हा हे गाव परभणी जिल्ह्यात होते, आज हिंगोलीत आहे. सक्रिय राजकारणातून निवृत्त झाल्यावर ते मंदाकिनीकाठी चित्रकूटला राहिले आणि आसपासच्या खेड्यांतून ग्रामविकासाचे काम उभे केले. २०१९ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. गौरव ज्याचा करायचा, त्याच्या कामातला एखादा अंश तरी उचलावा लागतो. संघाच्या शताब्दीनिमित्त समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, सामाजिक समरसता आणि नागरिक कर्तव्य ही सूत्रे आहेत. त्यांवर व्याख्याने पुष्कळ झाली. नदीकाठचा एक दिवस या चारही सूत्रांना हात घालतो.

म्हणून एक साधी सूचना. पौषात, पूर ओसरून पात्र शांत झाल्यावर आणि हुरड्याचे दिवस असताना, प्रत्येक वस्तीने एक रविवार नदीसाठी ठेवावा. सर्व जातींची घरे एका पंगतीत बसावीत. घाटावरच्या भोई-कोळी बांधवांना पाहुणे म्हणून नव्हे, यजमान म्हणून मान द्यावा. पाण्यात कुठे उतरावे आणि कुठे उतरू नये, हे त्यांनाच विचारावे आणि त्यांनी नको म्हटले तर उतरू नये. नेलेली प्रत्येक पिशवी परत आणावी. मुलांना आजीने जनाबाईची गोष्ट सांगावी, वडिलांनी पोखरलेले पात्रही दाखवावे, ते लपवू नये. परतल्यावर चार जाणत्यांनी एकत्र येऊन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली एवढेच विचारावे, की आपल्या गावालगतच्या घाटाला परवाना आहे काय, असल्यास किती ब्रासचा. आणि ज्याच्या घराचे बांधकाम चालू असेल, त्याने दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराकडे वाळूची पावती मागावी.