भिंत घरातली, भार साऱ्यांचा

घाटकोपर येथील साईदर्शन ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जणांना प्राण गमवावे लागले. तळमजल्याच्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. तरीही दिवाणखाना प्रशस्त करण्यासाठी आतली भिंत पाडताना ‘घर आमचे, परवानगी कशाला?’ असा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतही विचारला जातो. जुन्या, बिनखांबी इमारतीत तीच भिंत वरच्या मजल्यांचा भार वाहत असते; ती कोणती, हे गवंड्याच्या अंदाजाने ठरत नाही. संरचना अभियंत्याचा अभिप्राय, गृहनिर्माण संस्थेची संमती आणि महापालिकेची आवश्यक ती मंजुरी हाती आल्यावरच घण उचलावा. राष्ट्रकार्याची भाषा बोलणाऱ्याने नागरी शिस्तीचा प्रारंभ स्वगृहापासून करावा. शेजाऱ्याच्या जीविताची चिंता वाहणे हाही गृहस्थधर्मच होय.